चीनमधली ‘चिखली’ आणि हुजूर सुभा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : रविवार पुरवणीतील डॉ. कोटणीसांवरील लेख

चीनमध्ये जाऊन युद्धकाळात रुग्णसेवा करणाऱ्या आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत पानभर लेख आला. सोलापूरकर म्हणून तो मी दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचला तो नकाशाखालच्या ओळीसाठी. ती ओळ अशी आहे : ‘डॉ. कोटणीस यांनी जेथे अखेरचा श्वास घेतला तो भाग पूर्वी चीनमधील चिखली संस्थानात मोडत असे.’

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीकरांना आनंद झाला असेल. लेखकाने ‘चिहली’ लिहिलं असणार आणि आपल्याकडच्या संगणकाने शहाणपणा करून ते सुधारलं असणार. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी महसूल खात्यात चौतीस वर्षं काढली, तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. सातबारा संगणकावर चढवताना एका म्हातारीच्या नावातलं एक अक्षर असंच सुधारलं गेलं आणि बाई स्वतःच्याच दोन एकराला परकी झाली. दुरुस्तीचा फेरफार मंजूर व्हायला अकरा महिने लागले. तेव्हा चिखली माफ.

माझं भांडण ‘संस्थान’ या शब्दाशी आहे. आम्हा सोलापूरकरांना संस्थान म्हटलं की शेजारचं अक्कलकोट आठवतं. राजा वेगळा, दरबार वेगळा, कारभार वेगळा, वर इंग्रजांचा वरदहस्त. म्हणजे संस्थान ही सरकारच्या थेट अमलाबाहेरची जागा. आणि ज्या मुलखाला आपण संस्थान म्हटलंत त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘थेट अमलातला’ असा आहे. नाव झिली. ‘झि’ म्हणजे सरळ, थेट. ‘ली’ म्हणजे ताब्यात असणं, अखत्यारीत असणं. चिहली, पेचिली ही त्याचीच जुनी इंग्रजी रूपं. आमच्या शाळेच्या भिंतीवर इंग्रजांच्या वेळचा आशियाचा नकाशा होता. त्यात पेकिंगच्या पूर्वेला ‘पेचिलीचं आखात’ होतं. पे म्हणजे उत्तर. उत्तर झिलीचं आखात. आता त्याला बोहाय म्हणतात.

उत्तर झिली होतं, तसं दक्षिण झिलीही होतं. मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने राजधानी नानजिंगला केली आणि भोवतालचे जिल्हे स्वतःच्या दरबाराखाली घेतले. पुढे 1421 मध्ये राजधानी उत्तरेला बीजिंगला गेली, तेव्हा तिथल्या भोवतालच्या जिल्ह्यांनाही तोच मान मिळाला. बाकी देशात तेरा सुभे. जिल्ह्याचा कागद आधी सुभ्याच्या कचेरीत, तिथून राजधानीला. या दोन झिलींतल्या जिल्ह्यांना मधली कचेरीच नव्हती. त्यांचा कागद सरळ राजधानीतल्या खात्यांच्या टेबलावर. पुढे मांचू लोकांचं छिंग राज्य आलं आणि 1645 मध्ये दक्षिणेची झिली रद्द झाली, तिला जिआंगनान नाव मिळालं. 1667 मध्ये तिचेही दोन तुकडे केले. एकाचं नाव जिआंगनिंग आणि सूजोऊ या शहरांची पहिली अक्षरं जोडून जिआंगसू, दुसऱ्याचं आनछिंग आणि हुईजोऊ जोडून आनहुई. आपल्याकडे सोलापूर आणि धाराशिव मिळून ‘सोधारा’ करावं, तसं! उरली ती उत्तरेची एकच झिली.

आता तिला मराठीत काय म्हणायचं? मला पहिल्यांदा ‘खालसा’ सुचलं. जहागीर नाही, सरंजाम नाही, सरकारचा स्वतःचा मुलूख. पण ते बसत नाही. खालसा म्हटलं की बाकीचा चीन जहागीरदारांच्या हाती होता असं वाटेल, आणि तसं नव्हतं. बाकीचे सुभेही सरकारचेच होते. फरक फक्त मधल्या पायरीचा.

शब्द सापडला तो भोपाळमध्ये. मेव्हण्याच्या जागेच्या कागदांसाठी तिथल्या कचेरीत गेलो होतो. दारावर पाटी : तहसील हुजूर. मी कारकुनाला म्हटलं, हे काय साहेबांना घातलेलं लोटांगण आहे का? तो हसला, म्हणाला, तहसीलीचं नावच हुजूर आहे. भोपाळला आहे, रीव्याला आहे. जी तहसील दरबाराच्या पायाशी ती हुजूर. आणि मग माझी मलाच लाज वाटली. आपल्या पेशवाईत हुजूर दफ्तर होतं. पुण्यात ज्या हुजूरपागेत आज मुलींची शाळा आहे तिथे खुद्द पेशव्यांची घोडी बांधली जात. इंग्रजी अमलात हुजूर डेप्युटी कलेक्टर होते. मधे कोणी नाही, सरळ धन्याच्या समोर, त्याला हुजूर म्हणायची आपली चारशे वर्षांची सवय आहे. तेव्हा झिली म्हणजे हुजूर सुभा. संस्थानाच्या बरोबर उलट.

सुभा का, प्रांत का नाही, हेही सांगून टाकतो. आपण लेखात सगळीकडे ‘प्रांत’ वापरलंय. शहरी वाचकाला चालेल. पण आमच्याकडे पंढरपूरला कोणी म्हणालं ‘प्रांत आले’, तर ते उपविभागीय अधिकारी असतात आणि सोबत जीप असते.

लेखात दुसरा शब्द आहे ‘तांग काउंटी’. मराठी वाचकाला काउंटी म्हटलं की क्रिकेट आठवतं. चिनी शब्द शिएन, आणि शिएन म्हणजे आपला तालुका. ‘फू’ म्हणजे जिल्हा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झिलीत अकरा फू होते आणि तांग हा त्यातल्या बाओडिंग फूचा तालुका. याच तालुक्यात गेगोंग गावी 9 डिसेंबर 1942 ला डॉक्टर गेले. वय बत्तीस.

या शिएनच्या अधिकाऱ्याबद्दल जे जे वाचलं ते वाचताना मला सारखं वाटे, अरे, हा तर आमच्याच बॅचचा. सारावसुली त्याच्याकडे, दिवाणी दावे त्याच्याकडे, खून-दरोड्याचा तपास आणि तुरुंगही त्याच्याकडे, दुष्काळ पडला तर धान्यवाटपही त्याच्याच गळ्यात. लोक त्याला ‘फूमू-कुआन’ म्हणत, म्हणजे आई-बाप अधिकारी. अर्जाच्या सुरुवातीला ‘मायबाप सरकार’ लिहिलेलं मी स्वतः हजारदा वाचलंय. नेमणूक साधारण तीन वर्षांची, प्रत्यक्षात त्याआधीच बदली. आणि स्वतःच्या सुभ्यात नेमणूक नाही म्हणजे नाही. सुभा वेगळा असला तरी गावापासून पाचशे ली, म्हणजे अडीचशे किलोमीटरांहून जास्त, लांब हवं. निवडणूक आली की आपल्याकडे होम डिस्ट्रिक्टवाल्यांच्या ज्या बदल्या होतात, ते हेच दुखणं. मी दोनदा ऐन परीक्षेच्या दिवसांत पोरांना सोडून गेलोय.

गंमत पुढे आहे. साहेब परमुलखातला, त्याला तिथली बोलीसुद्धा धड कळत नाही. पण कचेरीतले कारकून आणि शिपाई मात्र तिथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. छिंग अमलात त्या कारकुनांना सरकारी पगारच नव्हता. मग पोट कशावर भरत असतील, हे तलाठी सजेत नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. साहेबाची मदार होती ती स्वतःच्या खिशातून ठेवलेल्या खासगी सल्लागारावर. हे सल्लागार बहुतेक दक्षिणेकडच्या शाओशिंग गावचे. कायद्याचं पान-कलम त्यांना तोंडपाठ. त्या गावाचा तो धंदाच होता.

मी हे सगळं नुसतं वाचून लिहीत नाही. मुलगी दोन वर्षं तिआनजिनला नोकरीला होती. 2016 च्या डिसेंबरात आम्ही दोघं नवरा-बायको तिच्याकडे गेलो. मला तांगला जायचं होतं, डॉक्टरांचं स्मारक बघायला. निघायच्या दिवशी धुरकं असं दाटलं की हातभर अंतरावरचं दिसेना, हायवे बंद. मुलगी म्हणाली, बाबा, ट्रेनने बाओडिंगपर्यंत जाऊ, तासाभराचं अंतर आहे, पुढचं पुढे. पुढचं झालंच नाही. तांग राहिलं. पण बाओडिंगमध्ये झिलीच्या सुभेदाराची कचेरी पाहिली आणि माझ्यापुरती ती यात्रा झाली.

1730 च्या सुमाराची ती कचेरी शाबूत आहे. बाहेर दोन उंच निशाणकाठ्या, मग दरवाजा, मग लांब अंगण, मग मोठा दिवाणखाना. अंगणात मध्येच एक कमान. दिवाणखान्यात बसलेल्या साहेबाची नजर समोर गेली की तीच दिसावी अशी उभी केलेली. बाहेरच्या बाजूला तीन अक्षरं : निःपक्षपातातून स्पष्टता येते. आतल्या, साहेबाकडच्या बाजूला सोळा अक्षरं. मुलीने मोबाइलवर अर्थ लावून दिला. तुझा पगार, तुझा शिधा ही रयतेची चरबी आहे. खालच्या रयतेला छळणं सोपं, वरच्या आकाशाला फसवणं अवघड. हा मजकूर शेकडो वर्षं देशभरच्या कचेऱ्यांत लावलेला असे. मी तिथे बराच वेळ थंडीत उभा राहिलो. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर ‘लाच देणे व घेणे गुन्हा आहे’ ही पाटी होती आणि तिच्यावर कॅलेंडर टांगलेलं होतं.

अंगणात जुनी सुरूसारखी झाडं आहेत. त्यावर हिवाळ्यात घुबडं येतात. एक-दोन नाही, थवेच्या थवे, आणि भर दिवसा फांद्यांवर डोळे मिटून बसतात. तिथल्या लोकांना त्याचं मोठं कौतुक, फोटो काढत होते. सौभाग्यवती मात्र पदर डोळ्यांवर ओढून जी बाहेर गेली ती परत आत आली नाही. बाहेर तिला कोणीतरी गाढवाच्या मांसाचा पाव दाखवला, तो राग अजून निघतो. मी तिथून लोखंडी गोळ्यांची जोडी आणली. हे पत्र लिहिताना डाव्या हातात ते गोळे फिरताहेत, संधिवाताला बरे.

तर मुद्दा असा की हुजूर सुभ्यात सुभेदार आला कुठून? मधे कोणी नको म्हणून तर तो हुजूर! पण छिंग अमलात तिथेही अधिकारी नेमावा लागला, 1669 मध्ये त्याचं ठाणं बाओडिंगला आलं आणि 1724 पासून कायमचा बडा सुभेदार बसला. त्याच वर्षी इतर सुभ्यांसारखा खजिन्याचा अधिकारीही आला. म्हणजे थेटपणा संपला, नाव तेवढं थेट राहिलं. बीजिंगच्या भोवतालच्या शुनतिआन जिल्ह्याची तर आणखीनच मजा. तिथल्या तालुक्यांना जिल्ह्याचा वेगळा मानाचा अधिकारी आणि झिलीचा सुभेदार असे दोन साहेब. एकाच विषयावर दोन ठिकाणी अहवाल. मुंबईच्या उपनगरात नोकरी केलेल्याला जास्त समजावून सांगायला नको.

आणि शेवटी हा मधला माणूसच सगळ्यात मोठा झाला. देशात असे आठ बडे सुभेदार होते, बहुतेकांकडे दोन-दोन, तीन-तीन सुभे. झिलीच्या सुभेदाराकडे एकच, तरी पहिला मान त्याचा. 1870 मध्ये ली होंगजांग त्या खुर्चीवर आला आणि आईच्या सुतकाची सुट्टी सोडता 1895 पर्यंत हलला नाही. तीन वर्षांच्या बदलीचा नियम कुठे गेला, देव जाणे. उत्तरेच्या बंदरांचा कारभारही त्याच्याकडे दिला होता, म्हणून नदीचं बर्फ वितळलं की तो तिआनजिनला येई आणि नदी गोठली की बाओडिंगला परत. त्याच्याच अमलात 1881 मध्ये झिलीतल्या तांगशानच्या कोळसा खाणीपाशी चीनचा पहिला टिकलेला लोहमार्ग पडला. ली हा आनहुईतल्या हफेईचा. म्हणजे जुन्या दक्षिण हुजूरचा माणूस येऊन उत्तर हुजूरचा धनी झाला.

या माणसाचं नाव घेतलं की मला 1877 आठवतं. आमच्या घरात ‘मोठा दुष्काळ’ म्हणजे 1876-78 चा. सोलापूर, विजापूर, सातारा या पट्ट्यात माणसं रस्त्यावर मेली. त्याच वर्षांत झिली, शान्शी, हनान, शानडोंग, शेन्शी या पाच सुभ्यांत पाऊस गेला होता. पॅसिफिकमध्ये एल निनो होता आणि तो आपल्याकडचं आणि त्यांच्याकडचं आभाळ एकदमच कोरडं करून गेला. तिकडे मेलेल्यांचा अंदाज नव्वद लाख ते एक कोटी तीस लाखांच्या घरात. दक्षिणेकडून जहाजांनी आलेलं धान्य तिआनजिनच्या धक्क्यावर उघड्यावर पडलं होतं, भिजत होतं, आणि शान्शीच्या डोंगराकडे न्यायला जनावरं नव्हती. गाढवं, उंट, बैल वाटेत मरत होते, किंवा लोकच त्यांना मारून खात होते. 1972 ला मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो, खडी फोडायच्या कामांवर हजेरी घ्यायचो. मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, बंदरातून रेल्वेने सोलापुरात येत होता. मला वाटायचं, रेल्वे असती तर तिकडचे लोक वाचले असते. मग कळलं की 1877 ला सोलापुरातून रेल्वे धावत होती, आणि तरी माणसं मेलीच. धान्य उलट्या दिशेने जात होतं.

असो. पत्र लांबलं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1912 मध्ये बादशाही संपली. ज्याच्या थेट ताब्यात म्हणून ‘झिली’ नाव पडलं, तो धनीच उरला नाही. तरी नाव चालू राहिलं, पुढची सोळा वर्षं. एवढंच काय, त्या नावाने एक लष्करी टोळी निघाली. तिचा एक पुढारी त्साओ कुन 1923 मध्ये प्रतिनिधींना मताला पाच-पाच हजार मोजून देशाचा अध्यक्ष झाला. अखेर 1928 मध्ये नव्या सरकारने झिलीची पाटी उतरवली आणि सुभ्याला हबेई म्हटलं, म्हणजे नदीच्या उत्तरेचा. लेखात हबेईला ‘प्राचीन प्रांत’ म्हटलंय. मुलूख जुना आहे, पण सुभ्याचं हे नाव डॉक्टर तिथे पोचले तेव्हा अवघं अकरा-बारा वर्षांचं होतं. ज्या खेडुतांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, त्यांतल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा जन्म झिलीत झालेला होता.

लेखात ‘जिन-चा-जी सीमाप्रदेश’ असंही आलंय, कसलंही स्पष्टीकरण न देता. ती तीन सुभ्यांची एकाक्षरी छोटी नावं आहेत : जिन म्हणजे शान्शी, चा म्हणजे चाहार, जी म्हणजे हबेई. यातलं चाहारही 1928 चंच, आणि ते पुरं करायला वायव्येकडचे दहा तालुके जुन्या झिलीतूनच काढून दिले होते. म्हणजे डॉक्टरांची सगळी कर्मभूमी बघितली तर तिचा मोठा हिस्सा जुन्या हुजूर सुभ्याचा.

एक धोक्याची सूचना. पुढे कोणी उत्साही लेखकाने जुने कागद वाचले तर त्याला ‘झिली-जोऊ’ हा शब्द देशभर सापडेल. त्याचा या सुभ्याशी संबंध नाही. जो तालुकावजा भाग जिल्ह्याखाली न ठेवता सरळ सुभ्याला जोडला, त्याला झिली-जोऊ म्हणत. बाओडिंगजवळचं डिंगजोऊ असं होतं. म्हणजे हुजूर सुभ्यातला हुजूर तालुका. तिथला कारकून पत्ता लिहिताना दमत असेल.

तेव्हा विनंती एवढीच. येत्या 9 डिसेंबरला आपण पुन्हा डॉक्टरांवर काही छापणारच. त्या वेळी नकाशाखाली ‘तांग तालुका, बाओडिंग जिल्हा, पूर्वीचा झिली, म्हणजे हुजूर सुभा’ असं छापावं. आणि नकाशातला तो लाल ठिपकाही हलवावा. तो शेन्शी सुभ्यातल्या यानआनवर पडलाय. डॉक्टर 1939 च्या फेब्रुवारीत तिथे पोचले होते हे खरं, पण गेगोंग तिथून पूर्वेला पाचशे किलोमीटरहून लांब आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त तहसीलदार, सोलापूर

(नाव छापू नये. छापलं की मोजणीचे आणि वारसनोंदीचे फोन सुरू होतात.)